राब, उकिरडा आणि गांडूळ

बोईसरला आमच्या घरामागे, आंब्याच्या सावलीत, सिमेंटची एक कडी ठेवलेली आहे. विहिरीला घालतात तशी. व्यास तीन फूट, उंची दोन फूट. २००४ साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात ही कडी आणवून तिच्यात गांडुळं पाळायला घेतली. कोंबड्या पाळतात, मधमाश्या पाळतात, पण गांडुळं पाळतो म्हटलं की ऐकणारा हसतो. आपल्या भाषेत गांडूळ ही शिवीच आहे. कणा नसलेल्या माणसाला आपण गांडूळ म्हणतो आणि दोन्हीकडून बोलणाऱ्याला दुतोंडी गांडूळ.

पहिली खेप मी विकत आणली. किलोभर गांडुळांचे अडीचशे रुपये मोजले. कडीच्या तळाशी नारळाची सोडणं अंथरली, वर ताजं शेण भरलं, गांडुळं सोडली आणि गोणपाट ओलं करून झाकलं. पाचव्या दिवशी गोणपाट उचललं तर वास आला. ताजं शेण कुजताना तापतं, हे शाळेत मुलांना शिकवलेलं मी घरी विसरलो होतो. बहुतेक गांडुळं मेली होती. उरलेली कडीच्या काठाला चिकटून बसली होती.

आमच्याकडे बागकामाला एक वयस्कर वारली गृहस्थ येत. घरात सगळेच त्यांना बाबा म्हणत. त्यांनी कडीत डोकावून पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या आपल्या उकिरड्याच्या तळाचं जुनं खत घमेलंभर घेऊन आले. त्यात बारीक, जांभळट तांबडी, बोट लावताच वळवळून उसळणारी गांडुळं होती. घमेलं रिकामं करताना म्हणाले, “गुरुजी, ही इकत कशाला आणलीत? उकिरडा उकरला असता तर हवी तेवढी मिळाली असती.”

त्यांचं बोलणं मनात राहिलं. जे आपल्या उकिरड्यात होतं, ते पैसे देऊन आणायची वेळ आपल्यावर कशी आली? पुढे जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, की हा प्रश्न गांडुळाचा कमी आणि पालापाचोळ्याचा जास्त आहे. आणि आपल्या या किनारपट्टीत त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८८१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये चार्ल्स डार्विनचं अखेरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ज्या माणसानं माणसाच्या उत्पत्तीचा विचार जगाला दिला, त्यानं शेवटचा विषय निवडला गांडूळ. गांडुळांवरचा त्याचा पहिला निबंध १८३७ सालचा, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं तो विषय त्याच्या डोक्यात होता. १८४२ मध्ये त्यानं घराजवळच्या एका कुरणात खडूचे तुकडे पसरले होते. १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा खडूचा पांढरा थर जमिनीखाली सात इंचांवर सापडला. वरची सात इंच माती एकोणतीस वर्षांत गांडुळांनी आणून टाकली होती. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहण्यासाठी त्यानं घरात पियानो वाजवून पाहिला. इंग्लंडच्या बऱ्याच भागात गांडुळं दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक माती वर आणतात, असा त्याचा हिशेब होता. या पुस्तकात आपला देशही आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डॉ. किंग यांनी तिथल्या गांडुळांनी वर टाकलेल्या मातीचे, मनोऱ्यासारखे दिसणारे ढीग डार्विनला कळवले होते. पुस्तक निघाल्यावर सहा महिन्यांनी, एप्रिल १८८२ मध्ये, डार्विन वारला.

त्याच १८८२ साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड छापून आला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि आजच्या पालघर तालुक्याला माहीम तालुका म्हणत. स्वतंत्र पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. या खंडात भातशेतीच्या वर्णनात राबाची माहिती आहे. आपल्यापैकी जे या भागात वाढले त्यांनी राब पाहिलेला आहे. भाताची रोपं जिथे करायची त्या लहानशा तुकड्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक माती, आणि पावसाच्या आधी ते भाजून काढायचं. मग त्या भाजलेल्या जागेत बी फेकायचं. पाऊस लागला की रोप उभं राहतं आणि आवणीला तयार होतं.

राब हा साहेबाच्या डोळ्यांत खुपणारा विषय होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलांच्या हद्दी घातल्या जाऊ लागल्या. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटायला पूर्वी कोणी विचारत नव्हतं. आता हरकत येऊ लागली. जंगल खात्याचं म्हणणं, हे लोक झाडं बोडकी करतात. शेतकऱ्यांचं म्हणणं, पाला नसेल तर राब नाही, राब नसेल तर भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. झाडाचा पाला कुणाच्या मालकीचा, हा त्या चौकशीतला एक मुख्य प्रश्न होता.

पुढे १८८९ च्या अखेरीस डॉ. व्होल्कर नावाचे शेती रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून आले. वर्षाहून थोडा अधिक काळ देशभर फिरून त्यांनी जो अहवाल लिहिला, तो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनीही राबाची दखल घेतली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र अभ्यासच प्रसिद्ध केला. आज आपल्याला माहीत आहे, की राबाचं काम नुसती राख करत नाही. भाजल्यामुळे तणाचं बी मरतं, किडे मरतात, चिकण माती भुसभुशीत होते आणि रोपाला लागणारी अन्नद्रव्यं मोकळी होतात. पावसाळा तोंडावर आणि निंदणीला हात थोडे, अशा वेळी तणाशिवाय उगवणारं रोप म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली. राब हे अडाणीपण नव्हतं.

पण राबाची एक किंमतही होती. जो पाला वरकस जमिनीवर पडून कुजला असता, तो जळत होता. जंगल मोठं आणि माणसं थोडी होती तोवर ते भागलं. पुढे पाला कमी पडत गेला. शेण चुलीत आणि पाला राबात, अशी ओढाताण झाल्यावर शेतात कुजायला काय उरणार? आणि जिथे कुजायला काही नाही तिथे गांडूळ खाणार काय?

पालापाचोळा न जाळता कुजवायचा कसा, याचं पद्धतशीर उत्तर मिळालं ते इंदूरला. १९२४ पासून सर अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या संशोधन संस्थेत होते. शेतातला काडीकचरा, शेण, माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून त्यांनी जी पद्धत बसवली, तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीच्या चळवळीत आजही घेतलं जातं; वाडांचं नाव आपल्याकडेही फारसं कुणाला ठाऊक नाही. हॉवर्डनं पुढे १९४५ मध्ये डार्विनच्या त्या गांडुळांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. म्हणजे इंदूरचा खड्डा आणि डार्विनचं कुरण यांचं नातं त्यालाही दिसत होतं.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इंदूर पद्धतीचा ढीग तापतो आणि त्या उष्णतेत गांडूळ जगत नाही. तिथे काम करतात बुरशी आणि जिवाणू. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप टाकी दिली, तिच्यातही गांडुळं सोडावी लागत नाहीत. विटांची, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली टाकी. तिच्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. वरून शेणमातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोडं शेण पुष्कळ पाल्याला पुरवायचं, हा पांढरीपांड्यांचा मुद्दा होता. ज्याच्या दारात दोनच गुरं आहेत त्याच्यासाठी हा मुद्दा फार मोलाचा होता.

गांडूळ स्वतः बाजारात आलं ते १९८० नंतर. पुण्यात उदय भवाळकर या रसायन अभियंत्यानं गांडुळांवर संशोधन करणारी संस्था उभी केली. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी गांडूळखतावर वर्षानुवर्षं काम केलं. परदेशातून आलेल्या दोन जाती देशभर पसरल्या : युरोपची आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेची युड्रिलस युजेनी. दोन्ही खादाड, दोन्हींची पैदास भराभर होणारी. त्याच सुमारास, १९९० मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. चिकू, आंबा, काजूची कलमं लागली आणि त्यांना खत हवं झालं. २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. ओला कचरा वेगळा करून कुजवा, असं शहरांना सांगणाऱ्या त्या नियमांत गांडूळखताचं नावच घातलेलं होतं. प्रशिक्षणं, अनुदानं, शेड, वाफे, पिशव्या असं सगळं सुरू झालं. माझी अडीचशे रुपयांची गांडुळं त्याच लाटेतली.

या लाटेनं पुष्कळ चांगलं केलं. स्वयंपाकघरातला कचरा घरच्या घरी मुरवता येतो, हे हजारो घरांनी पाहिलं. पण एक गैरसमजही पसरला, की गांडूळ हे औषध आहे. जमिनीत सोडलं की जमीन सुधारते. कित्येकांनी विकतची गांडुळं थेट भातखाचरात सोडली आणि ती दिसेनाशी झाली. दिसणार कशी? शेणात आणि कुजक्या पाल्यात राहणारं गांडूळ वेगळं, मातीत खोल बिळं करून राहणारं वेगळं. पहिल्याला खाचरात खायला नाही आणि लपायलाही नाही. आणि गांडूळ हा सगळीकडे मित्रच असतो, असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या ज्या जंगलांत हिमयुगापासून गांडुळं नव्हती, तिथे युरोपातून गेलेल्या गांडुळांनी जमिनीवरचा पाल्याचा थर खाऊन टाकला आणि त्या थरावर जगणारी रोपं उघडी पडली. गांडुळाचं भलंबुरं त्याच्या जागेवर ठरतं.

या सगळ्यात दुसरी वाट दाखवणारा माणूस आपल्या अगदी शेजारी होता. तलासरी ओलांडली की गुजरातची हद्द. तिथून जवळच, उंबरगावच्या भागात देहरी गाव आहे. भास्कर सावे तिथले. आडनावावरून कळेलच, की नातं याच पट्टीतलं. २७ जानेवारी १९२२ चा त्यांचा जन्म. आधी शाळेत शिक्षक. पुढे शेतीत उतरले तेव्हा रासायनिक खतांची एजन्सी घेतली आणि आदर्श शेतकरी म्हणून नाव मिळवलं. मग हिशेब मांडला. खर्च वाढतोय, उत्पन्न तिथेच आहे, हे दिसल्यावर त्यांनी खतं थांबवली. ‘कल्पवृक्ष’ या आपल्या वाडीत नारळ आणि चिकू मुख्य, बाकी नाना झाडं. पाला जिथे पडेल तिथे राहू द्यायचा. पाणी खोडाशी न देता झाडांमधल्या चरांत द्यायचं. नांगरायचं नाही. गांडुळं विकत आणायची गरज त्यांना पडली नाही. सावली, ओल आणि पाला मिळाल्यावर ती आपली आपण वाढली, आणि नांगरणी त्यांनीच केली. जपानचे मासानोबू फुकुओका ही वाडी पाहायला आले होते. २००६ मध्ये सावे यांनी हरितक्रांतीचे अध्वर्यू डॉ. स्वामिनाथन यांना उघड पत्र लिहून देशाच्या शेतीची दिशा चुकल्याचं सांगितलं. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं त्यांना जीवनगौरव दिला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी ते गेले.

सावे यांच्या वाडीसारखी वाडी प्रत्येकाकडे नसते, हे मला कळतं. ज्याच्याकडे दोन एकर खाचर आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायची पाळी, त्याला झाडं मोठी होईपर्यंत वाट पाहायला सांगणं सोपं आहे. शिवाय आमच्या बोईसरची गोष्ट आणखी वेगळी. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं, सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढू लागली, आणि भाताच्या खाचरांमध्ये रसायनांचे, रंगांचे, औषधांचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले. या पट्ट्यातल्या घराघरांत त्या कारखान्यांचा पगार येतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी तिथे कामाला लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यमापन केलं, तेव्हा प्रदूषणाच्या निर्देशांकात तारापूर सगळ्यांच्या वर होतं.

इथे गांडुळाचं आणखी एक काम समजून घेतलं पाहिजे. १९८४ मध्ये विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेनं रसायनांची विषारीपणाची एक प्रमाण चाचणी ठरवली. ठरावीक मातीत रसायन मिसळायचं, तिच्यात गांडुळं सोडायची आणि चौदा दिवसांत किती मरतात ते मोजायचं. त्या चाचणीसाठी निवडलेलं गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा, आपल्या खताच्या वाफ्यातलंच. गांडुळाला फुप्फुसं नसतात. ओल्या कातडीतून ते श्वास घेतं आणि माती पोटातून जाऊ देतं. मातीत जे असेल ते त्याच्या अंगात उतरतं. कॅडमियमसारखा जड धातू त्याच्या शरीरात साठत जातो.

मी हे वाचण्याआधी एकदा अनुभवलं होतं. कडी निम्मी रिकामी होती म्हणून रस्त्याकडेच्या नाल्यातून काढलेली, दिसायला छान काळी माती दोन घमेली आणून एका बाजूला घातली. आठवड्यानं पाहिलं तर सगळी गांडुळं दुसऱ्या बाजूला गोळा झालेली. त्या मातीत एकही नव्हतं. तेलानं, मिठानं की आणखी कशानं, मी तपासून घेतलं नाही. पण ती माती उपसून टाकली, आणि ज्या कोपऱ्यात तिचं पाणी झिरपलं होतं तिथे पुन्हा भाजी लावली नाही. तेव्हापासून कडीत जातं ते फक्त घरचं : भाजीची देठं, केळीची साल, चहाचा चोथा, अंगणातला पाला, पंधरा दिवस सावलीत मुरवलेलं शेण. मीठ, तेल, मासळी, लिंबाची सालं नाहीत. तळाला पाणी निथळायला भोक आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून कडीभोवती पाण्याची चारी आहे आणि भारद्वाजासाठी वर जाळी. ओल किती हवी? पिळलेल्या फडक्याइतकी. गांडूळ पाळण्याची विद्या एवढीच.

आणि एक गंमत. बाबांनी आणलेली ती जांभळट गांडुळं आपल्याकडचीच, पेरिओनिक्स जातीची. दर वर्षी जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, की त्यातली पुष्कळशी रात्रीतून कडी सोडून निघतात. सकाळी ओट्यावर, भिंतीवर, तुळशीपाशी रांगा लागलेल्या असतात. पहिल्या वर्षी मी घाबरून त्यांना वेचून परत टाकत होतो. बाबा म्हणाले, “राहू द्या गुरुजी, पाला आहे तिथं जातील.” नंतर पाहिलं, तर आंब्याखाली जिथे मी पाला झाडायचं सोडून दिलं होतं, तिथेच ती सापडली.

बाबा आता नाहीत. ते राब भाजत. शेवटची काही वर्षं त्यांनी रोपाच्या जागेचा अर्धाच तुकडा भाजला आणि उरलेला पाला खळ्यामागच्या खड्ड्यात टाकला. मी सांगितलं म्हणून नव्हे. पाला आणायला डोंगरात जायचं तर गुडघे दुखत होते, म्हणून. त्या खड्ड्यातलं खत त्यांच्या मुलानं पुढे आवणीच्या आधी खाचरात टाकलं.

आमच्या गल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज सकाळी पाल्याचे ढीग पेटतात. आंब्याचा, बदामाचा, फणसाचा पाला. ज्या पाल्यासाठी १८८५ मध्ये या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना सरकारशी भांडावं लागलं, तो आपण झाडून काडी लावतो. गांडुळं विकत आणा असं मी आता कुणाला सांगत नाही. मी शेजाऱ्यांकडून पाल्याच्या गोण्या मागून आणतो. सुरुवातीला हसायचे. आता तीन घरं गोण्या आपणहून माझ्या फाटकाशी आणून ठेवतात, आणि यंदा एकानं विचारलं, “गुरुजी, ती सिमेंटची कडी कुठे मिळते?”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)